न गोठणारं मीठ

तार्तूमध्ये जानेवारीत सकाळी आठलाही अंधारच असतो.
मी इमारतीच्या पायऱ्यांवर मीठ टाकतो,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं, मुठीमुठीने.
बर्फ आधी कुरकुरतो, मग हार मानतो.
हे माझं पहिलं काम. दुसरं तळघरात:
संगणकांची कपाटं गार ठेवायची.
पंप, झडपा, आणि एक कान सतत पंख्यांच्या सुरावर.

वरच्या मजल्यावर लेलो कूसिक बसते. तिचंही मीठच,
पण ते खडा धरत नाही.
बाटलीत मधासारखं पडून असतं, वास नाही, वाफ नाही.
मीठ, आणि पातळ? मी विचारलं.
म्हणाली, एकाला लांब शेपटी, दुसरा अंगाने आडदांड,
रचायला गेलं तर एकमेकांत बसतच नाहीत.
मला आमच्या शेडमधल्या मोडक्या सायकली आठवल्या.

तेच मीठ तिने यंत्रात पुन्हा मांडलंय:
पाचशे बारा जोड्या, एक न दिसणारा डबा.
उजव्या भिंतीतून गेलेला डावीकडून परत येतो.
म्हणजे कुणी कायमचं जातच नाही?
छान आहे, मी म्हटलं.
सोय आहे, ती म्हणाली.

पहिल्यांदा कुणी हललंच नाही.
शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात जो तो नुसता थरथरत राहिला,
आणि त्या थरथरीपायी माझे पंखे तीन आठवडे किंचाळत होते.
मग म्हातारे हेल्दुर पायु आले, चष्मा पुसत म्हणाले,
प्रत्येकाचा विद्युतभार पाचव्या हिश्श्याने कमी कर,
गर्दीत कुणी आपला पूर्ण भार मिरवत नाही.
केला. आणि वाहायला लागलं.
ही लबाडी आहे का, तार्वो?
तिने मला विचारलं. मला!
मी म्हटलं, बाटलीतलं वाहतं तसंच वाहतंय ना?
ती गप्प बसली. उत्तर पटलं नव्हतं बहुतेक.

काल रात्री दोनला वीज गेली.
ती धावत आली, अंगात कोट, पायांत घरातल्या स्लिपर.
त्र्याऐंशी नॅनोसेकंदांवर सगळं थांबलेलं.
मी तासभर पंपाशी झगडलो,
आणि तिने तिथूनच पुन्हा सुरू केलं, जसं काही झालंच नाही.
कुठे कोण होतं ते लिहून ठेवलेलं असतं का?
जागा पुरत नाहीत, म्हणाली,
कोण कुठल्या दिशेने, किती वेगात, तेही हवं.
नाहीतर सुरू होतं, पण ते तेच नसतं.

माझ्याकडे इल्मारचा एक फोटो आहे.
एल्वाच्या घराचं दार, कडीवर हात, एक पाय उंबऱ्यावर.
त्याच आठवड्यात तो हेलसिंकीच्या बोटीत बसला.
आत येतोय की बाहेर पडतोय,
भिंग लावूनही कळत नाही.
बूट चौकटीबाहेर कापले गेलेत,
नाहीतर त्यांच्यावरच्या बर्फाने सांगितलं असतं.

पहाटे तिने पडद्यावर बोट ठेवलं:
एक लाल ठिपका पिंजरा सोडून दुसऱ्यांत मिसळला होता.
इवलंसं सरकणं. ती हसली, मग टेबलावरच झोपली.

मी मिठाची बादली घेऊन बाहेर आलो.
पायऱ्यांवर स्लिपरचे ठसे होते,
सगळे आत येणारे.
मी मूठ तशीच धरून
जरा वेळ उभा राहिलो.