डावी मांडी, वीस वॉट

औलू, नोव्हेंबर. तीन वाजताच काचेवर अंधार.
आउने केरानेन रेलून बसल्या आहेत
चाकं नसलेल्या सायकलवर.
उजवा पाय पेडलवर आपला आपण गेला.
डावा मी उचलून ठेवला, पट्ट्यानं बांधला.
जड, गार, परक्या घरी आल्यासारखा अवघडलेला.

दोन्ही मांड्यांवर, बाहेरच्या अंगाला
काडेपेटीएवढी एकेक डबी.
तिच्यातला लाल दिवा कातडीखाली डोकावतो
आणि रक्ताच्या रंगावरून सांगतो
स्नायूनं किती ऑक्सिजन घेतला, किती तसाच जाऊ दिला.
वर काळं बँडेज, बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून.
"बाहेर कुठाय उजेड?" आउने म्हणतात.
शब्द अजून डाव्या गालाला ठेचकाळत येतात.

वीस वॉट.
पहिलं मिनिटभर दोन्ही रेघा जुळ्या.
मग उजवी उतरू लागते,
भुकेला स्नायू, येईल तो घास तोंडात.
डावी सपाट.
लाल रक्त येतं,
जवळजवळ लालच परत जातं.

सुरुवातीला मला वाटायचं, रक्तच पोचत नसेल.
तेही थोडं खरं. वापर नसलेल्या वाटा अरुंद होतात.
पण जे पोचतं तेही कुणी उचलत नाही.
मेंदूतून हाक क्षीण येते,
अर्धेअधिक तंतू कूस बदलून झोपतात,
जागे असतात ते लगेच दमतात.
हे सगळं मी त्यांना सांगितलं, जरा जास्तच सोपं करून.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पाय फिरत होते.
एकतीस वर्षं त्यांनी तुइरात टपाल वाटलं,
सायकलवरून, उणे पंचवीसलासुद्धा.
"म्हणजे पत्ता बरोबर," त्या म्हणाल्या,
"घरात माणूस आहे. घंटा तेवढी बंद."
दम घेतला.
"अशा घरी मी खिडकी वाजवायचे.
टपाल परत नेलं नाही कधी.
एकदा नेलं. तो माणूस मेलेला होता."

सहावं मिनिट. कपाळावर घाम, फक्त कपाळावर.
डावी रेघ किंचित वाकली.
"किती?"
"दोन टक्के. पाय हलल्यामुळे आलेली चूकही असेल."
"असू दे चूक. लिहा."
मी लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह टाकलं,
त्यांना दिसणार नाही इतकं बारीक.

बँडेज सोडलं. मांडीवर चौकोनी वळ.
त्यावर त्यांनी बोट फिरवलं, काही बोलल्या नाहीत.
मोजे चढवायलाच आठ मिनिटं गेली.

नंतर खिडकीतून त्या दिसल्या.
काठी, डावा पाय, उजवा. काठी, डावा, उजवा.
सायकलींच्या रांगेशी थांबल्या,
कुणाच्या तरी सीटवरचा बर्फ कोपरानं झाडला,
टायर दाबून पाहिला,
मान हलवली. हवा कमी होती बहुतेक.