घर जॅकवर आहे

कळंबोलीच्या यार्डात आज नववा दिवस.
मागची डावी कमान गेली, दोन पाटे मोडले,
मग हब उघडला तर बेअरिंगचाही भुगा.
हरपाल मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाला,
"ताई, घराचं काम असंच. एक काढलं की दुसरं निघतं."

दार जमिनीपासून साडेतीन फूट वर.
चढायला त्याने तेलाचं रिकामं पिंप आणून ठेवलं,
त्यावर मी आपलं पायपुसणं घातलं.

जॅकवरचं घर उजवीकडे कलतं.
मोहरी कढईच्या एकाच कडेला जमून तडतडते,
चहा कपात तिरका बसतो,
आणि रात्री झोपेत घसरत घसरत
आम्ही दोघं उजव्या पत्र्याशी एकत्र येतो.
अच्युत म्हणतो, अडतिसाव्या वर्षी
हे काम जॅकने केलं.

नेरूळचा फ्लॅट विकून ही घेतली,
कुठल्याशा शाळेची जुनी बस.
बिजागऱ्यांशी खरवडलं की अजून पिवळा रंग दिसतो.
ओट्याच्या वरची एक ओळ मी पुसू दिली नाही:
डोके व हात खिडकीबाहेर काढू नये.

केतकी तेव्हा दोन महिने बोलली नव्हती.
नंतर बोलली, पण घणसोलीला तिच्या सोसायटीच्या
कमानीखालून आमचं घर जात नाही, टपावरची टाकी अडते.
नाल्याकडेला घर लावून आम्ही चालत गेलो.
वॉचमनच्या वहीत एक रकाना होता, 'कोठून आलात'.
अच्युतने बराच वेळ पेन धरून ठेवलं,
मग लिहिलं, 'समोरून'.
तिने आम्हाला पाहुण्यांचे टॉवेल दिले.

इथे यार्डात कुणी रकाना विचारत नाही.
ट्रेलरच्या सावलीत स्टोव्ह पेटतात,
मडगार्डवर बनियन वाळतात,
आरशात बघून कुणी दाढी करतो.
सेलमचा मुरुगेसन, लोखंडाच्या कॉइली आणणारा,
लसणीची चटणी मागायला आला नि आत डोकावून म्हणाला,
"कितना साल?"
मी म्हटलं, दोन.
त्याने आपल्या केबिनकडे मान केली,
दोन्ही पंजे दोनदा उघडले, वर आणखी दोन बोटं.
मी थोडी जास्तच चटणी दिली.

रविवारी केतकी आली. न सांगता.
हातात डबा, मागे पराग, परागच्या हातात जुई.
पिंपाकडे बघत उभी राहिली एवढा वेळ,
की मला वाटलं, खालूनच डबा देऊन जाईल.
मग चप्पल काढली. पिंपाखाली.
ग्रीसच्या चिखलात चप्पल काढून चढली.

जुईने मागच्या पलंगावरून एक लिंबू सोडलं.
ते ओट्यापुढून, गॅसच्या नळीला वळसा घालून
थेट ड्रायव्हरच्या सीटखाली.
ती ओरडली, "आजी, तुझ्या घराला घसरगुंडी आहे!"
मग तेरा वेळा.
पराग पांढऱ्या शर्टात बॅटरी धरायला गाडीखाली गेला,
तासाभराने आला तेव्हा शर्टाबद्दल कुणीच बोललं नाही.

मी भांडी विसळत होते, मोजून, दीड लिटरमध्ये.
केतकीचा फोन वाजला.
बाहेर कुणीतरी ट्रेलर मागे घेत होता,
ते टूं टूं टूं ऐकून पलीकडून विचारलं असणार, कुठे आहेस.
"अगं, माहेरी आलेय," ती म्हणाली,
आणि खिडकीबाहेर डोकं काढून
पुन्हा मोठ्याने, "माहेरी! ऐकू येतंय का?"

ओळीकडे मी बघितलं नाही.
ताट पुसत राहिले, कोरडं झाल्यावरही.

मंगळवारी कमान बसेल, म्हणतोय मिस्त्री.
मी सांगून आले, घाई नाही.
अच्युत म्हणाला, आहे घाई, टाकीत पाणी उरलं नाही,
आणि क्लच दाबला की खाली काहीतरी पचकन फुटतं.

ते लिंबू असावं.