डावा तीन, उजवा चार

काळा पडदा ओढला की
तराफ्यावर दिवसाढवळ्या रात्र होते.
गुद्वेग गुंगीतल्या माशाची मान
(मान नसतेच त्याला)
कल्ल्यामागची जागा धरते
आणि उजेडाची एक उभी फट
त्याच्या डोळ्यात सोडते.

"डावा एक. उजवा शून्य."
ओड्वार लिहितो, पेन्सिलने;
पेनाची शाई ओल्या कागदावर धरत नाही.
"डावा तीन. उजवा चार."
मी शुद्धीच्या टबापाशी, बाही कोपरापर्यंत भिजलेली.
बाहेर स्कार्व्हॉयच्या खाडीत
वारा पिंजऱ्याच्या साखळ्या मोजतो,
चुकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

मे महिन्यात आले हे.
गोड्या पाण्याच्या टाक्यांतून, नळीतून, बोटीच्या पोटातून
थेट खाऱ्यात.
अंगावरचे पट्टे पुसून नुकती चांदी चढलेली,
वजन एका मोठ्या कैरीएवढं.
आता ऑक्टोबर, आणि दीड किलो.
किनाऱ्यावरच्या ऑफिसात म्हणे या वाढीसाठी केक कापला.

पण भिंगही वाढतं ना.
कांद्यासारखं, पापुद्र्यावर पापुद्रा,
आणि घाईने घातलेल्या पापुद्र्यात
कुठेतरी धुकं राहून जातं.
खाद्यात हिस्टिडीन कमी पडलं असेल, गुद्वेग म्हणते.
पूर्वी रक्ताची भुकटी घालायचे, ती बंद झाली,
मग सोयाबीन आलं, मग गहू.
ती हे जेवणात मीठ कमी झाल्यासारखं सांगते.

आपण मोतीबिंदू म्हणतो,
जणू समुद्रातलंच काही डोळ्यात उतरलं.
यांच्या बोलीत त्याचं नाव ऐकू येतं: करडी भोरडी.
थेंब येऊन बसतो, पाखरू येऊन बसतं.
उठत कुणीच नाही.

आंधळा कसा ओळखायचा, मी विचारलं होतं पहिल्या दिवशी.
ओड्वार म्हणाला, काळा पडतो,
जाळीच्या कडेकडेने राहतो.
वरून गोळ्या पडतात, सगळे उसळतात,
आणि हा
उसळून गेल्यानंतरच्या पाण्यात तोंड उघडतो.
तुला दिसेलच. हाडं दिसतात.

सदतिसावा.
"डावा चार. उजवा चार."
शिजल्यावर होतात तसे पांढरे डोळे,
आणि मासा जिवंत.
ओड्वार काट्याकडे बघतो.
"दोन किलो एकशेचाळीस."
"परत ठेव."
"दोन किलो एकशेचाळीस."
आजचा सगळ्यांत जड.

पेन्सिल हवेत.
"आधी वाढला असेल, डोळे नंतर गेले," गुद्वेग म्हणते.
"किंवा मागच्याच आठवड्यात गेले."
"किंवा," ओड्वार म्हणतो,
"समुद्रपक्ष्याची सावली दिसत नाही याला.
बाकीचे दचकतात, हा खातो."
दोघंही हसत नाहीत.

मासा माझ्याकडे येतो.
टबात कल्ले एकदा उघडतात, बराच वेळ काही नाही,
मग पुन्हा.
शेपटी सरळ होते.
तो निघतो आणि निळ्या प्लास्टिकवर
थाडकन आपटतो.
वळतो. समोरच्या भिंतीवर, हळू, नाक टेकवतो.
तिसऱ्या खेपेला
भिंत एक वीत दूर असतानाच वळतो.
चौथ्यालाही.

"ओड्वार, हे लिहिशील?"
"काय?"
मी सांगते. तो कागद उलटून बघतो,
पाठीमागेही बघतो.
"त्याचा रकाना नाहीये."

गुद्वेगचा हात पुढे आलेलाच आहे, ओला, रिकामा.
अडतिसावा.
"डावा शून्य.
उजवा,
थांब, दिवा हलतोय."