काचपट्ट्या

वडगावात आमचा माग चालू होता तोवर
रंग म्हणजे डाळिंबी, आमसुली, चिंतामणी.
मग सिव्हिलच्या लॅबमध्ये लागलो
आणि दोनच उरले:
पेशीच्या गाभ्याला निळा,
बाकी सगळ्याला गुलाबी.

त्या वर्षांत गाठी यायच्या.
मानेतल्या, काखेतल्या, आतड्यातल्या,
फॉर्मलिनच्या बाटलीत, वर चिकटपट्टी,
नाव कधी कन्नडात, कधी मराठीत,
कधी नुसता आकडा,
कारण बरोबर आलेल्या माणसाने
नाव सांगायचं टाळलेलं.
संकेश्वरचा एक क्लीनर. अथणीचे दोघे भाऊ.
हुक्केरीची सरोजव्वा, जिच्या नवऱ्याची गाठ
आठ महिन्यांआधी मीच कापली होती.

लिम्फोमा भिंगाखाली दिसतो
मोहरी सांडल्यासारखा, दाट, एकसारखा,
कुठे जागाच न सोडणारा.
कापड चांगलं उतरलं की बाबा म्हणायचे,
"बोट शिरत नाही बघ."
मला नेमकं तेच आठवायचं
आणि लाज वाटायची.

मग व्हरांड्याच्या टोकाला ती खोली उघडली.
लोक पाटीकडे न बघता बरोबर आत शिरायचे,
पिशवीत तळाला गोळ्या, वर भाजी,
आणि दारात न थांबता निघून जायचे.
ह्या गोळीने गाठी कमी होतील
असं मला कुणी सांगितलं नाही.
मला कळलं फॉर्मलिनवरून.
जो कॅन महिन्यात संपायचा
तो गणपतीत फोडलेला दिवाळीलाही अर्धा.
स्टोअरचे बाळेकुंद्री म्हणाले,
"इंडेंट नाही होय औंदा? की चोरी थांबली?"

न झालेल्या गाठीला बाटली नसते.
तिला नंबर पडत नाही, वजन नाही,
रजिस्टरात तिच्यासाठी रकाना आखलेला नाही.
ती कुठेतरी चिकोडीच्या बसमध्ये
खिडकीच्या जागेवरून भांडत असते,
पोरीच्या लग्नाला कुंदा किती लागेल विचारत असते.
मी तिला ओळखत नाही.
माझ्या कामात तेवढंच काय ते बरं.

पण एक बाटली कमी होईना.
गर्भाशयाच्या तोंडाची.
मी डॉक्टर शहापूरकर बाईंना विचारलं,
"इथं गोळी हरली काय?"
त्या भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या,
"हरली नाही. ह्या बायका आता जगतात.
हे दुखणं सावकाश वाढतं, त्याला वर्षं लागतात,
आणि ती आता त्यांच्याकडे आहेत.
ते ज्याच्यामुळे होतं तो पाहुणा वेगळा.
तो गोळीने उठत नाही,
त्याला वाकून शोधावं लागतं."

निपाणीची तानूबाई. विड्या वळायची.
चौदा वर्षं गोळ्या, तंबाखूच्या डब्यात ठेवलेल्या,
रात्री नऊला, भोंगा झाल्यासारख्या नेमाने.
तपासणीचा सिरका हुंगून म्हणाली,
"लोणच्यात घालतात तेच न्हवं काय गा हे?"
पांढरा डाग उठला. तुकडा माझ्याकडे आला.

निळा. धुणं. गुलाबी. धुणं.
पेशी बिघडल्या होत्या, वरपर्यंत,
आडवेतिडवे धागे घुसल्यासारख्या.
पण तळाशी एक पातळ रेघ असते,
तिच्यापलीकडे गेलं की कर्करोग.
ती रेघ मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली,
बाबा लुगड्याचा काठ बघायचे तशी,
अंगठा सरकवत.
कुठे सुटली नव्हती.
अर्ध्या तासाचं काम, डॉक्टर म्हणाल्या,
जाळून टाकू तेवढं.

तानूबाई जाताना म्हणाली, "येतो."
आमच्याकडे बायका येते म्हणत नाहीत, येतो म्हणतात.
सहा महिन्यांनी आली.

त्याच आठवड्यात बैलहोंगलची एक काच होती.
तिला कुणी कधी तपासायलाच बोलावलं नव्हतं.
तिचा काठ तीन ठिकाणी सुटलेला.
ती मी पुन्हा कापली, पुन्हा रंगवली,
माझ्या रंगाची चूक असेल म्हणून.