शून्याची खोली

पाषाणला आमच्या प्रयोगशाळेत, जिन्याखाली,
मी शून्य तयार करतो.
एकवीस वर्षं झाली. पगारी काम आहे.

ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ किसायचा,
थर्मासात गच्च भरायचा, वरून तेच पाणी,
पांढरेपणा जाऊन करडा दिसेस्तोवर.
मग त्यात तापमापक उभा करायचा
आणि वीस मिनिटं त्याच्यावर वाकायचं नाही,
श्वासाचीही ऊब लागते.
तो शून्यच सांगेल असं नाही.
कुणी तीन शतांश वर, कुणी दोन खाली.
चूक असतेच. ती किती, एवढंच मी लिहून देतो
निळ्या शाईत, सहीशिक्क्यानिशी.

खळदकर बाई चार सळया घेऊन आल्या, ऑक्टोबरात.
दक्षिणेला निघाल्या होत्या, बर्फ पांघरून बसलेल्या
एका ज्वालामुखीवर.
मी विचारलं, कुठून कुठपर्यंत तपासू?
म्हणाल्या, बाहेर उणे तीस, भोकात साठ,
मधे हातभर अंतर.

साठला काय, तेलाचं पातेलं पुरलं.
खालच्या बाजूला मीठ आणि बर्फ, कुल्फीवाल्याची रीत,
पण ती उणे एकवीसला दमते.
पुढचा कोरडा बर्फ भोसरीहून आणला, रिक्षातून,
गोणपाटात गुंडाळलेला, नुसता वाफाळत.
रिक्षावाला दर सिग्नलला मागे वळून बघायचा.
शेवटी म्हणाला, काका, पेटलंय का काही?

जानेवारीत त्यांचा निरोप आला:
शिंत्रे, इथे बर्फाच्या चिमण्या आहेत,
दोन दोन पुरुष उंच.
हे मी घरी वाचून दाखवलं.
बायको गॅलरीत परळात पाणी ओतत होती.
म्हणाली, एवढ्या गारठ्यात? आणि खातात काय?
धुराडी गं, धुराडी, मी म्हणालो,
जमिनीतून वाफ निघते, निघता निघता गोठते,
थरावर थर चढतो, आत पोकळ.
मग धुराडी म्हणायचं, ती म्हणाली.
दोन दिवसांनी भाजी निवडताना
तिनेच विचारलं, काय गं बाई त्या चिमण्यांचं?
एक वाऱ्याने पडली, मी सांगितलं.
तिने च्च केलं.

मार्चअखेर बाई परतल्या. चेहरा गॉगलपुरता गोरा,
बाकी भाजलेला. पिशवीत सळया तीन.
गंधकाचा वास माझ्या टेबलाला आठवडाभर होता,
साहेबांनी दोनदा उदबत्ती लावायला लावली.
चौथी?
चौथी आत राहिली. छत करकरलं, दोरी कापली,
रांगत बाहेर आले.
एवढंच बोलल्या. मग चहा आला.
पेला त्यांनी डाव्या हातात धरला आणि मला विचारलं,
गरम आहे का हो?

दोन बोटं आता काही सांगत नाहीत.
मी काही बोलायच्या आत
त्यांनी ती माझ्या थर्मासात बुडवली, किसलेल्या बर्फात,
आणि हसल्या.
किती? मी विचारलं. सवयीनं.
काहीच नाही, म्हणाल्या.

तो बर्फ मी टाकून दिला. पुन्हा किसला.
हात चालत होते, नीट चालत नव्हते.
सळयांची चूक मी शतांशात सांगू शकतो,
पण त्यासाठी आधी कुणीतरी काहीतरी सांगावं लागतं.

निघताना त्यांनी खोलीच्या भिंतीवर
उजवा हात ठेवला. काळा पाषाण, मागच्या टेकडीचाच.
हाही वाहत आलाय, म्हणाल्या,
निवायला याला वेळ मिळाला.
त्या गेल्यावर मीही लावला हात.
गार होता. किती गार, ते मोजलं नाही.

तिन्ही सळया तपासून झाल्या. एक सात शतांश सरकलीय,
बाकी दोन ठीक.
चौथीचं प्रमाणपत्र फायलीत आहे.
काढून टाका, ऑफिसातून सांगतात,
वस्तू नाही तर कागद कशाला.
मी म्हणतो, मुदत ऑक्टोबरपर्यंत आहे.