सकाळचे तीन

उपग्रह म्हणतो, शून्य.
देबार्कच्या शाळेमागचं पर्जन्यमापक म्हणतं,
एकतीस पूर्णांक चार.

संगणकानं तिची नोंद आधीच बाद केली होती.
वेळ : सकाळचे तीन.
इतक्या काळोखात कोण वाचतं काचनळी?
पण आमचा दिवस उजाडल्यावर सुरू होतो,
तिचे तीन म्हणजे त्याचे नऊ,
हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
मी घड्याळं जुळवली.
तरीही शून्य.

मग अदिसहून फोन लावला.
येशीमेबेत म्हणाली,
"गडगडाट नव्हता. ढगच खाली आला,
उंबऱ्यापर्यंत.
रात्रभर नुसता झिरपत होता.
दावणीचं खेचर दिसेना, घंटा तेवढी ऐकू यायची."

वरचा डोळा थंडगार, उंच ढग शोधतो.
हा तर कोमट, बुटका,
डोंगराला पोट टेकून निजलेला.

"मग वरून आमचं काय दिसतं?" तिनं विचारलं.
पडद्यावर एक चौकोन होता,
चार कोस रुंद, कोरडा.
त्यात कुठेतरी तिचं वीतभर नरसाळं.

"उद्याही नीट मोजा," मी म्हटलं,
काहीतरी म्हणायचं म्हणून.
"मोजतेच की," ती म्हणाली,
आणि मागे कुणाला तरी ओरडली,
सातू आत घ्या.