सुतळीची गाठ

वाशी, सेक्टर सतरा. शोरूममध्ये
एकच पोपट अकरा पडद्यांवर उडतोय,
अकरा वेगळ्या हिरव्यांत.

निनाद नावाचा पोरगा समजावतो,
'ओएलईडीचा काळा म्हणजे खरा काळा, मॅडम.
तिथला ठिपका स्वतःच विझतो.
बाकीच्यांत मागे दिवा जळतच असतो,
काळ्याआडून राखाडी डोकावतो.'

विद्याधर पिशवीतून सुतळी काढतो:
आमची कोपरखैरण्याची भिंत, गाठीपासून गाठीपर्यंत.
पंचावन्न बसतो. पासष्टसाठी देवघर हलवावं लागेल.

हॉल पश्चिमेचा. चारला ऊन येतं
आणि थेट पडद्यावरच बसतं.
'मग क्यूएलईडी घ्या. उजेडाला उजेडच पुरा पडतो.'

ओएलईडीची खोट काय ते सांग, मी म्हणते.
निनाद आवाज उतरवतो,
'एकच चित्र महिनोन्‌महिने राहिलं
तर त्याचा डाग उरतो. चॅनल बदललं तरी.'

सुतळी गुंडाळता गुंडाळता विद्याधर थांबतो.

सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बाबांची बैठक
अजून खोलगट आहे.
वाळलेले कपडे ठेवतो आम्ही तिथे.
बसत कुणी नाही.

क्यूएलईडी घेतला. बारा हप्ते.
रात्री सगळे दिवे घालवून काळा पाहिला.
राखाडीच.
मागे कुणीतरी जागं असल्यासारखा.